सशाचा दाखला, शेळीचं रक्त

जूनचा पहिला दमदार पाऊस होतो, बांध हिरवे होतात आणि परंडा-भूमच्या माळावर शेळ्यांची चंगळ सुरू होते. नेमक्या याच दिवसांत कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट करडू दगावतं. संध्याकाळी ठणठणीत असतं, सकाळी गोठ्यात मरून पडलेलं सापडतं. हा आंत्रविषार.

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सच्या ‘डी’ प्रकारचे जीवाणू शेळीच्या आतड्यात एरवीही थोडेफार असतात. कोवळा चारा किंवा धान्य एकदम भरपूर पोटात गेलं की ते भराभर वाढतात आणि एप्सिलॉन नावाचं विष सोडतात. बाहेर पडताना हे विष जवळजवळ निरुपद्रवी असतं. आतड्यातलं ट्रिप्सिन त्याचा तुकडा छाटतं आणि मग ते जहाल होऊन रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचतं. उपचाराला सवडच मिळत नाही, म्हणून सगळी भिस्त पावसाळ्याआधीच्या लसीवर.

काळीभोर, लोंबत्या कानांची, बऱ्याचदा जुळी देणारी उस्मानाबादी शेळी हे या जिल्ह्याचं खरं धन. कोरडवाहू घरात अडीनडीला विकता येईल असं तेच असतं. तिच्यासाठीची आंत्रविषाराची लस राज्याच्या पशुसंवर्धन खात्याची पुण्यातल्या औंधची संस्था बनवते. खासगी कंपन्यांच्या लसीही मिळतात. पण बाटलीतली लस काम करते, हे ठरवायचं कसं?

औषधसंहितेतली रूढ चाचणी सशांवर होते. युरोपीय संहितेनुसार किमान दहा सशांना तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा लस टोचतात. दुसऱ्या मात्रेनंतर १० ते १४ दिवसांनी रक्त काढून सर्वांचं सीरम एकत्र करतात. त्याची वेगवेगळी विरलनं मोजक्या विषात मिसळून थोडा वेळ ठेवतात आणि ते मिश्रण उंदरांच्या शिरेत देतात. सीरममधल्या प्रतिपिंडांनी विष निकामी केलं असेल तर उंदीर जगतो. तुलनेला आंतरराष्ट्रीय प्रमाण सीरम असतं. एप्सिलॉनसाठी दर मिलिलिटरला किमान ५ आंतरराष्ट्रीय एकक भरले तरच ती खेप उत्तीर्ण. ही मोजणीची रीत पॉल एरलिख यांनी १८९७ मध्ये डिप्थीरियाच्या प्रतिविषासाठी घालून दिली, आणि सव्वाशे वर्षांनंतरही तिचा सांगाडा तोच आहे.

उंदरांचे हाल टाळण्यासाठी आता कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या एमडीसीके पेशी वापरता येतात. एप्सिलॉन विष त्यांना मारतं. सीरमने अडवलं तर त्या जिवंत राहतात. एलायझा चाचणी याहून झटपट आणि स्वस्त आहे. मात्र ती विषाला चिकटणारी सगळी प्रतिपिंडं मोजते. त्यातली किती खरोखर विषाचा डंख मोडतात, हे तिला कळेलच असं नाही. म्हणून माझा कल पेशींच्या चाचणीकडे आहे.

खरी अडचण पुढेच आहे. परीक्षा सशाची होते, जगायचं असतं शेळीला. मेंढीत या लसीने चांगली प्रतिपिंडं तयार होतात. शेळीत ती तुलनेने कमी चढतात आणि लवकर ओसरतात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणूनच वर्षातून एकदा लस पुरेशी नाही, शेळीला ती अधिक वेळा द्या, असं कित्येक तज्ज्ञ सुचवतात. उस्मानाबादीच्या बाबतीत हा प्रश्न जिल्ह्यातच सुटला पाहिजे. लसीआधी, महिन्याभराने आणि सहा महिन्यांनी याच माळावरच्या शेळ्यांचं रक्त तपासावं, आणि वेळापत्रक त्यावरून ठरावं.

शिवाय सशाचा तो दाखला दोन मात्रांनंतरच्या रक्ताचा असतो, हे गावात कुणी सांगत नाही. मे महिन्यात पहिल्यांदाच एक टोचणी झाली, दोन-तीन आठवड्यांनी द्यायची दुसरी पेरणीच्या धांदलीत राहून गेली, तर त्या करडाला प्रयोगशाळेतल्या सशाइतकं संरक्षण नसतं. तसंच बर्फात गोठलेल्या बाटलीचं. तुरटीयुक्त लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. एकदा गोठली की ती वितळवून टोचू नये, सरळ टाकून द्यावी. गाभण शेळीला विण्याच्या काही आठवडे आधी मात्रा दिली तर चिकातून तिची प्रतिपिंडं करडाला मिळतात. मात्र विल्यावर पहिल्या काही तासांतच करडाच्या पोटात चीक जायला हवा.