बागेतील पाणी जाते कोठे?

पांडेसऱ्यातील आम्हां मराठी मंडळींपैकी अनेकांचे वाडवडील खानदेशातून येथे आले. तेथील तापी येथेही आहेच. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला, ही हकीकत वडीलमंडळी अजून सांगतात. असा महापूर क्वचितच येतो. परंतु पाऊस थांबून चार दिवस लोटले तरी जुन्या बागेतील तळे हटत नाही, हा त्रास दर पावसाळ्याचा आहे. एका खोलीत संसार करणाऱ्या कुटुंबांतील मुलांना बाग हेच अंगण. तेच तेवढे दिवस बंद होते.

प्रथम थोडे गणित करू. एक हेक्टर बागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १,००० घनमीटर, म्हणजे दहा लक्ष लिटर पाणी जमते. दहा हजार लिटरचे शंभर टँकर! हे पाणी जावे कोठे?

आमच्या भागातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भिजली की फुगते. भेगा मिटल्यावर पाणी फार सावकाश मुरते. शिवाय वर्षानुवर्षे पावलांखाली चेपून ती घट्ट झालेली असते. बाहेरच्या रस्त्यावर डांबराचे थर चढतात. रस्ता उंच होतो आणि बाग खोलगट ठरते. गटाराच्या जाळ्यांत पाने, गाळ व प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकतात. शेवटी, नळ जेथे खाडीत किंवा नदीत उघडतो, तेथील पातळी पुराने अथवा भरतीने चढली, की पाणी पुढे सरकत नाही.

मोठा नळ घातला की काम झाले, असे पुष्कळांस वाटते. परंतु सगळ्यांनीच आपले पाणी घाईने भेदवाड खाडीत लोटले, तर खाडीकाठच्या घरांचे काय होईल? म्हणून पाणी आधी थोपवावे, मग मुरवावे व उरलेले सावकाश सोडावे, हा क्रम योग्य होय. हिरवळीचा एक भाग मुद्दाम खोलगट ठेवावा. कडेने उथळ चर खणून त्यांत खडी व वाळू भरावी. चेपलेली माती उकरून तीत शेणखत मिसळावे. नळाच्या मुखाशी उलटे पाणी अडविणारी झडप असावी आणि गाळखड्डे पावसाळ्यापूर्वी उपसावेत.

डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात २ जुलै २०११ रोजी ढगफुटी झाली. त्यानंतर तेथील एंगहावे नावाच्या जुन्या उद्यानाची २०१९ पर्यंत अशी पुनर्रचना करण्यात आली, की अतिवृष्टीत ते २२ हजारांहून अधिक घनमीटर पाणी साठवू शकते. एरवी तेथे मुले खेळतात.

मात्र दोन पथ्ये पाळलीच पाहिजेत. उष्ण हवेत डासाच्या अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून साठलेले पाणी दोन-तीन दिवसांत ओसरलेच पाहिजे. दुसरे असे, की आमचा परिसर कापड रंगविणाऱ्या कारखान्यांचा आहे. रस्त्यावरचे रंगमिश्रित किंवा गटाराचे पाणी जमिनीत मुरवू नये. बागेवर पडलेला स्वच्छ पाऊसच तेवढा मुरवावा.

यात आम्हां विद्यार्थ्यांस काय करता येईल? पाऊस थांबल्यावर बागेच्या कडेला उभे राहून पाणी कोठे साचते, किती दिवस राहते व कोणती जाळी तुंबली आहे, याची तारीखवार नोंद करता येईल. नुसत्या तक्रारीपेक्षा अशी नोंद जोडलेल्या अर्जाला अधिक वजन असते. आणि हातातील पिशवी जाळीपाशी न टाकणे, हे तर आजच जमण्यासारखे आहे.