ब्राउझरमधील कोठार

ज्या नगराचे गुडगाव हे नाव 2016 साली बदलून गुरुग्राम असे करण्यात आले, तेथे मेकमायट्रिप या प्रवाससेवा कंपनीचे मुख्यालय आहे. या कंपनीने 2017 च्या सुमारास आपले मोबाईलवरील संकेतस्थळ नव्या रीतीने बांधले. इंटरनेटची जोडणी क्षीण असली तरी पाने चटकन उघडावीत, म्हणून त्यांचा काही भाग ग्राहकाच्या मोबाईलमध्येच साठवून ठेवावयाचा, ही त्यामागील युक्ती होती. भेट देणाऱ्यांपैकी प्रत्यक्ष खरेदी करणाऱ्यांचे प्रमाण त्यानंतर तिप्पट झाले, असे गूगलने प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात नमूद आहे.

ही साठवण होते कोठे? 1994 साली नेटस्केप कंपनीच्या लू माँटुली याने ‘कुकी’ची योजना केली. कुकी म्हणजे जेमतेम चार किलोबाइटांची चिठ्ठी, आणि तीही प्रत्येक मागणीबरोबर सर्व्हरकडे जावयाची. पुढे ‘लोकल स्टोरेज’ आले. त्यात सुमारे पाच मेगाबाइट मावतात. परंतु केवळ मजकूर ठेवता येतो, आणि वाचन-लेखन चालू असता पानाचे इतर काम खोळंबते. मोठ्या साठ्यास ते उपयोगाचे नाही.

2015 साली प्रमाणित झालेल्या ‘इंडेक्स्ड डीबी’ने ही अडचण दूर केली. ग्रंथालयात तालिकापत्रांवरून पुस्तक काढावे, त्याप्रमाणे येथे सूचीच्या आधारे हवी ती नोंद निघते. चित्रे व ध्वनिमुद्रणेही ठेवता येतात, आणि पान अडून राहत नाही. क्रोममध्ये एका संकेतस्थळास डिस्कच्या साठ टक्क्यांपर्यंत जागा मिळू शकते. कोठार चांगलेच ऐसपैस झाले म्हणावयाचे!

तथापि ही जागा मालकीची नव्हे. डिस्क भरत आली की, ज्या संकेतस्थळाचा वापर होऊन सर्वाधिक काळ लोटला असेल, त्याचा सबंध साठा ब्राउझर प्रथम पुसतो. थोडा ठेवून थोडा काढीत नाही. 2020 पासून सफारी तर, ब्राउझरच्या वापराच्या सात दिवसांत संकेतस्थळाकडे कोणी फिरकले नाही, तर त्याचा साठा काढून टाकतो. साठा कायम ठेवण्याची विनंती प्रोग्रामला करता येते. पण ती मान्य होईलच असे नाही.

पुसली गेलेली हॉटेलांची यादी सर्व्हरवरून पुन्हा आणता येते. परंतु दुर्गम पाड्यावर एखाद्या आरोग्यसेविकेने दिवसभर भरलेल्या नोंदींचे काय? जोडणी मिळेपर्यंत त्यांची एकमेव प्रत त्या मोबाईलमध्येच असते. मोठा साठा हाताशी आल्याच्या आनंदात प्रोग्रामकार नेमका हाच भेद विसरतात. अशा नोंदी जोडणी मिळताच सर्व्हरकडे पाठवावयास हव्यात, आणि पोच येईपर्यंत ‘अद्याप पाठविलेले नाही’ ही सूचना पडद्यावर ठळकपणे दिसली पाहिजे.