कोल्हापुरी वहाण : कारागिराची घडण आणि वापरातून होणारी पूर्तता

प्रस्तावना

नवी वहाण पायाला चावते, हा मराठी माणसाचा जुना अनुभव आहे. भाषेने या अनुभवासाठी ‘चावणे’ हे क्रियापद योजले आणि काही महिन्यांनी तीच वहाण सुखद झाली, की ती ‘पायात बसली’ असे म्हटले. या दोन शब्दप्रयोगांच्या दरम्यान एक प्रदीर्घ भौतिक प्रक्रिया घडत असते. नाशिकसारख्या शहरात दिवाळीत किंवा लग्नसराईत हौसेने घेतलेली कोल्हापुरी वहाण अनेकदा पहिल्या आठवड्यातच कपाटात जाते आणि तिच्या ताठरपणाचा दोष कारागिराच्या माथी मारला जातो. वस्तुतः हा ताठरपणा म्हणजे घडणीतील उणीव नसून वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेल्या कातड्याचा तो स्वभावधर्म आहे. ही वहाण कारागिराच्या हातून बाहेर पडते तेव्हा तिची घडण संपलेली नसते. ती वापरणाऱ्याच्या पायाने पूर्ण होते. या विधानाचे स्पष्टीकरण करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे

१) वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले कातडे पायाचा आकार कसा धारण करते, हे समजून घेणे.
२) वहाण पायात बसण्याचे टप्पे व त्यातील मर्यादा स्पष्ट करणे.
३) या प्रक्रियेचा कारागिरांच्या श्रमाशी व बाजारपेठेशी असलेला संबंध तपासणे.

कातडे कमावण्याची पद्धत

कच्चे कातडे मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले असते. ते तसेच ठेवल्यास कुजते आणि वाळवल्यास लाकडासारखे कडक होते. ते टिकाऊ व वापरण्यायोग्य करणे म्हणजे कातडे कमावणे होय. कोल्हापुरी वहाणेसाठी परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांचा उपयोग केला जातो. कातडे पिशवीसारखे शिवून टांगायचे आणि त्यात साल व हिरड्याचा अर्क भरून तो कातड्यात मुरू द्यायचा, ही या भागातील प्रसिद्ध पद्धत आहे. अर्कातील टॅनिन कोलॅजनच्या तंतूंमध्ये शिरून त्यांना बांधून ठेवते. त्यामुळे कातडे भरीव आणि घट्ट होते.

याउलट, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आलेल्या क्रोम पद्धतीत क्रोमियमच्या क्षारांचा उपयोग होतो. असे कातडे अल्पावधीत तयार होते, मऊ असते आणि ताणले तरी बव्हंशी पूर्वस्थितीला येते. त्याचे पादत्राण पहिल्याच दिवशी सुखद वाटते. मात्र ते पायाचा ठसा फारसा स्वीकारत नाही. वनस्पतिजन्य कातड्याचे वर्तन वेगळे आहे. पायाची ऊब व घामाचा ओलावा यांमुळे त्यातील बंध काहीसे सैल होतात, शरीराच्या भाराने तंतू किंचित सरकतात आणि कातडे सुकताना त्याच नव्या स्थितीत स्थिर होतात. हीच क्रिया शेकडो वेळा घडली, की टाच, चवडा आणि अंगठा यांचे खळगे तळावर उमटतात.

पाश्चात्त्य देशांत मापाने शिवून घेतलेल्या चामडी बुटांबाबतही असाच अनुभव येतो. गुडइयर वेल्ट पद्धतीच्या बुटात तळव्याखाली बहुधा बुचाचा थर असतो व तो काही महिन्यांत पायाप्रमाणे दबतो. बूट आणि वहाण यांचे रूप भिन्न असले, तरी तत्त्व एकच आहे.

मापाचे महत्त्व

वहाण पायात बसते याचा अर्थ ती मोठी होते असा नाही. पट्टा, कान आणि अंगठा हे भाग वापराने सैल होतात. पण कातड्याच्या दोरीने घट्ट शिवलेल्या तळाची लांबी वाढत नाही. म्हणून टाच तळाबाहेर जात असेल तर ती वहाण कितीही वापरली तरी योग्य होणार नाही. दुसरीकडे, पट्टा आरंभी थोडा आवळ असणे हितकारक ठरते, कारण पुढे तो ताणला जाणारच असतो. दिवसभराच्या हालचालीने पाय किंचित सुजतात. त्यामुळे माप सायंकाळी देणे आणि दोन्ही पायांचे देणे श्रेयस्कर होय.

वहाण पायात बसण्याचे टप्पे

पहिल्या आठवड्यात वहाण घरातच व रोज साधारण अर्धा तास घालावी. अंगठ्याच्या बेचक्यात किंवा पट्ट्याच्या कडेशी त्वचा लाल झाल्यास त्या दिवशी ती काढून ठेवावी. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात वापर एक-दोन तासांपर्यंत वाढवता येतो. या काळात पट्ट्याच्या आतल्या बाजूस खोबरेल किंवा एरंडेल तेलाचे बोट फिरवल्यास तंतूंमधील घर्षण कमी होते. मात्र तेलाचा अतिरेक झाल्यास कातडे ढिले पडते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात करकर हा आवाज कमी होऊ लागतो, रंग गडद होतो आणि तळावर पायाची आकृती दिसू लागते. त्यानंतर ती वहाण दुसऱ्याच्या पायाला सुखद वाटत नाही. ती एका व्यक्तीची झालेली असते.

या संपूर्ण काळात एक दिवसाआड वहाणेला विश्रांती द्यावी, म्हणजे शोषलेला घाम सुकतो. भिजलेली वहाण चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवणे घातक होय. ओल्या अवस्थेत अधिक उष्णता लागल्यास कातडे आकसते व तडकते.

नाशिक परिसराचे हवामान या दृष्टीने विचारात घ्यावे लागते. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या पट्ट्यात मुसळधार पाऊस पडतो, तर निफाडकडील भाग हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीसाठी ओळखला जातो. पावसाळ्यात नवी वहाण काढल्यास ती भिजून तिची शिवण सैल होण्याचा आणि तिला बुरशी लागण्याचा संभव असतो. त्यामुळे दिवाळीनंतर वापरास आरंभ करणे व ज्येष्ठापर्यंत ती पायात बसू देणे हा क्रम या भागास सोयीचा ठरतो. थंडीच्या कोरड्या दिवसांत तेलाची गरज थोडी अधिक भासते.

एक मर्यादा येथे आवर्जून नोंदवली पाहिजे. ही प्रक्रिया वेदनेच्या संकेतावर चालते. कोठे दुखते यावरून कोठे थांबायचे हे कळते. मधुमेहामुळे अथवा अन्य कारणाने ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांना हा संकेत मिळत नाही आणि साध्या फोडाची जखम चिघळू शकते. अशा व्यक्तींनी ताठर वहाण पायात बसवण्याचा प्रयत्न करू नये. त्यांच्यासाठी वैद्यकीय सल्ल्याने निवडलेले मऊ पादत्राणच योग्य होय.

श्रम, प्रतिष्ठा आणि बाजारपेठ

कातडे कमावणारा ढोर समाज, वहाण शिवणारा चर्मकार समाज आणि वेणी, गोंडे व नक्षीचे काम करणाऱ्या स्त्रिया यांच्या श्रमातून ही वस्तू साकारते. मराठी भाषेने या श्रमाकडे दोन परस्परविरोधी दृष्टींनी पाहिले आहे. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण वस्तूबरोबर माणसालाही खाली ठेवते. तर ‘कातड्याचे जोडे करून घातले तरी उपकार फिटणार नाहीत’ या उद्गारात तीच वस्तू कृतज्ञतेची परिसीमा ठरते. बाराव्या शतकातील शरण हरळय्या यांनी बसवेश्वरांसाठी स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे केले, ही आख्यायिका याच भावनेची साक्ष देते.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा समावेश आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात तत्सम चपला मूळ कारागिरांचा उल्लेख न करता सादर केल्या, तेव्हा तीव्र प्रतिक्रिया उमटली. कंपनीने पुढे भारतीय प्रेरणा मान्य केली आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला.

तथापि मानांकनाने नाव सुरक्षित होते, ग्राहकाची सवय नव्हे. मार्च २०१५ पासून बैल व वळू यांच्या हत्येवरही राज्यात बंदी आल्याने कच्च्या मालाचा प्रश्न अधिक बिकट झाला. त्यातच पहिल्या दिवसापासून मऊपणा हवा, ही मागणी वाढली, की विक्रेता क्रोम कातड्याकडे किंवा रेक्झिनकडे वळतो. नाव आणि नक्षी कायम राहते. परंतु बाभळीची साल, हिरडा आणि ते वापरण्याचे ज्ञान मागे पडते.

निष्कर्ष

कोल्हापुरी वहाणेचा आरंभीचा ताठरपणा व नंतरचा सुखदपणा हे एकाच गुणधर्माचे दोन आविष्कार आहेत. एक नाकारून दुसरा मिळवता येत नाही. योग्य माप, क्रमाने वाढवलेला वापर, बेताचे तेल आणि ऋतूचे भान यांच्या साहाय्याने ही प्रक्रिया सुसह्य करता येते. विक्रेत्याने वहाणेबरोबर ही माहिती दिली आणि ग्राहकाने काही महिन्यांचा संयम बाळगला, तर त्याचा लाभ केवळ पायाला होणार नाही. कातडे कमावणाऱ्या व वहाण शिवणाऱ्या हातांना त्यांच्या पद्धतीने काम करत राहण्याचे कारणही त्यातून मिळेल.