एका यंत्राच्या पोटीं अनेक यंत्रें

व्यापारी पेढीच्या हिशेबाच्या खोलींत चोपड्यांची जागा सर्व्हर नांवाच्या संगणकानें घेतली, त्यास आतां बरींच वर्षें झालीं. हा संगणक कोणता घ्यावा व त्यावर कोणती व्यवस्था बसवावी, याचा निर्णय मात्र बहुधा घरांतील एखादा तरुण मुलगा आणि बाहेरून येणारा विक्रेता या दोघांच्या संभाषणांत होऊन जातो. पैसे देणारे व कागदावर सही करणारे वडील बंधु "तुम्हांला ठीक वाटेल तें करा" असें म्हणून मोकळे होतात. ही उदासीनता आतां परवडण्यासारखी राहिलेली नाहीं असें आम्हांस वाटतें. सर्व्हरचें लोखंड पांच-सात वर्षांनीं बदलतां येतें. परंतु त्यावर एकदां जी व्यवस्था बसते तिच्याशीं घराची सोयरीक जुळते, आणि सोयरीक जुळवितांना कुळाची चौकशी वडिलांनींच करावयाची असते. त्या चौकशीस उपयोगी पडेल तेवढेंच येथें लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. एका सशक्त संगणकाचें सामर्थ्य विभागून त्याच्या पोटीं अनेक स्वतंत्र संगणक नांदत आहेत असा व्यवहार घडवून आणणें, यास व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. वेदान्त्यांचा घटाकाशाचा दृष्टान्त येथें चांगला लागू पडतो. आकाश एकच, घटाच्या उपाधीमुळें तें निराळें भासतें, आणि एक घट फुटला म्हणून शेजारच्या घटाचें कांहीं बिघडत नाहीं. वेदान्तांत घट सांभाळण्यास कोणी कारभारी लागत नाहीं. येथें लागतो, एवढाच भेद. या कारभाऱ्यास हायपरव्हायझर असें नांव आहे. प्रत्येक आभासी यंत्रास प्रोसेसरचा किती वेळ, स्मरणाची किती जागा व डिस्कचा किती भाग द्यावयाचा हें तो ठरवितो, आणि एकाचा हात दुसऱ्याच्या पानांत जाऊं देत नाहीं.

ही कल्पना कालपरवांची नव्हे. अमेरिकेंतील केंब्रिज येथें आयबीएम कंपनीचें जें शास्त्रीय केंद्र होतें, तेथें १९६० नंतरच्या दशकांत तिचा पाया घातला गेला, आणि १९७२ सालीं त्या कंपनीनें व्हीएम/३७० या नांवानें ती व्यवस्था गिऱ्हाइकांपुढें ठेवली. संगणक तेव्हां खोलीएवढा मोठा व अतोनात महाग असल्यामुळें तो वांटून घेण्यावांचून गत्यंतर नव्हतें. पुढें संगणक स्वस्त झाले आणि ही निकड मागें पडली. पण स्वस्ताईनें दुसरीच अडचण उत्पन्न केली. हिशेबास एक, फायलींस एक, हजेरीस एक अशीं यंत्रें वाढत गेलीं, आणि तीं बहुतेक वेळ रिकामीं बसून वीज खाऊं लागलीं. बाजारांतील नेहमींच्या प्रोसेसरांवर विभागणी करणें दुर्घट होतें, कारण त्यांच्या कांहीं आज्ञा कारभाऱ्यास न कळवितांच आपलें काम उरकून घेत. १९९८ सालीं स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीनें अशा आज्ञा वाटेंतच गांठून त्यांचें रूपांतर करण्याची युक्ति काढली, आणि २००१ मध्यें ईएसएक्स ही खास सर्व्हरांसाठीं केलेली व्यवस्था बाजारांत आणली. दुसऱ्या केंब्रिजांत, म्हणजे इंग्लंडांतील विद्यापीठांत, २००३ च्या सुमारास झेन निर्माण झाला. इंटेलनें २००५ व एएमडीनें २००६ सालीं प्रोसेसरांतच या विभागणीची सोय करून दिली. मग लिनक्सच्या गाभ्यांत केव्हीएम २००७ सालीं आला, आणि मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही २००८ सालीं. आज ज्या व्यवस्थांतून निवड करावयाची, त्या सर्व या चार घराण्यांतील आहेत.

या घराण्यांत वडीलकीचा मान पुष्कळ वर्षें व्हीएमवेअरकडे होता, आणि तो गुणांनीं मिळविलेला होता. चालू असलेलें आभासी यंत्र न थांबवितां एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर उचलून नेण्याची त्याची करामत पाहिली म्हणजे अद्यापिही कौतुक वाटतें. परंतु २२ नोव्हेंबर २०२३ रोजीं ब्रॉडकॉम कंपनीनें व्हीएमवेअर विकत घेतलें, आणि पुढच्याच महिन्यांत कायमचा परवाना विकणें बंद झालें. तेव्हांपासून ठराविक मुदतीचें भाडें भरावें लागतें. तेंही प्रोसेसरांतील गाभ्यांच्या संख्येवर. एका प्रोसेसरास निदान सोळा गाभे धरले जातात. म्हणजे आठ गाभ्यांच्या लहान सर्व्हरच्या धन्यानेंही सोळांचें भाडें द्यावयाचें! ज्यांनीं पूर्वीं कायमचा परवाना घेतला त्यांचा वापरण्याचा हक्क गेला नाहीं. पण देखभालीचा करार संपला कीं नूतनीकरण नव्या पद्धतीनेंच करावें लागतें, आणि दुरुस्त्यांवांचून चालणारी व्यवस्था ही कडी नसलेल्या दरवाज्यासारखी होय. एटी अँड टी सारख्या बलाढ्य अमेरिकन कंपनीसही पूर्वींच्या करारांतील देखभालीच्या हक्कावरून २०२४ सालीं न्यायालयांत जावें लागलें. त्याच वर्षीं उभयतांत तडजोड झाली. तडजोड करावयास एटी अँड टीपाशीं वकिलांची फौज होती. सांगलीच्या औषध-विक्रेत्यापाशीं ती नसते.

फुकट मिळणारा ईएसएक्सआय फेब्रुवारी २०२४ मध्यें बंद करण्यांत आला आणि एप्रिल २०२५ मध्यें तो पुन्हां देण्यांत आला. जी वस्तु मालकाच्या इच्छेनें येते व जाते, तिच्यावर पेढीची मांडणी करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. शेंकडों सर्व्हर चालविणाऱ्या बँकेनें अथवा मोठ्या रुग्णालयानें व्हीएमवेअर ठेवण्यास सबळ कारणें असूं शकतील. एकदोन सर्व्हरांच्या पेढीस तीं आहेत असें आम्हांस दिसत नाहीं.

आतां एक उदाहरण डोळ्यांपुढें ठेवूं. तिघां भावांची औषधांच्या घाऊक विक्रीची पेढी आहे. कामास बारा माणसें. हिशेबाचा प्रोग्रॅम विंडोजवर चालणारा. एक जुना प्रोग्रॅम असा कीं, तो विंडोज ७ सोडून हलत नाहीं. आणि कागदपत्रांच्या फायली. धाकटी सून हिशेबांत निष्णात आहे, पण लहान मुलामुळें तिला दुपारनंतर घरूनच काम करावें लागतें. अशा घरापुढें वस्तुतः दोनच मार्ग आहेत.

पहिला हायपर-व्हीचा. विंडोज सर्व्हरचा परवाना घेतला कीं हायपर-व्ही त्यांतच येतो. निराळी किंमत नाहीं. मात्र परवान्याची भाषा नीट वाचावी. स्टँडर्ड प्रतीच्या एका परवान्यांत विंडोज सर्व्हरचीं दोन आभासी यंत्रें चालवितां येतात. तिसरें व चौथें हवें असल्यास त्याच सर्व्हरसाठीं परवाना पुन्हां घ्यावा लागतो. डेटासेंटर प्रतीस संख्येची मर्यादा नाहीं, पण तिची किंमत लहान पेढीच्या आवांक्याबाहेरची असते. विंडोज जाणणारा मनुष्य तालुक्याच्या गांवींही मिळतो, हा या मार्गाचा मोठा गुण. रात्रीं नऊ वाजतां यंत्र बंद पडलें तर कोणास बोलवावयाचें, या प्रश्नाचें उत्तर ज्या मार्गांत आहे तो मार्ग थोडा महाग पडला तरी चालतो.

दुसरा प्रॉक्समॉक्सचा. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरांतील एका कंपनीनें २००८ पासून चालविलेली ही व्यवस्था लिनक्स व केव्हीएम यांवर उभी आहे. तिचा गाभा सर्वांस खुला असून ती फुकट वापरतां येते. देखभाल हवी असेल तर वार्षिक वर्गणी आहे, आणि ती गाभे न मोजतां प्रोसेसरच्या खोबणी मोजून आकारतात. वर्गणी न भरतां वापरल्यास कोणतीही सोय कमी होत नाहीं. फक्त दुरुस्त्या ज्या भांडारांतून येतात त्यांची पारख कमी झालेली असते. धंद्याच्या यंत्रासाठीं वर्गणी भरावी असें आमचें मत आहे. ईएसएक्सआयवरून यंत्रें आपल्याकडे आणण्याची सोय प्रॉक्समॉक्सनें २०२४ मध्यें मुद्दाम करून दिली, आणि पुष्कळ घरें त्या वाटेनें आलीं. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. कारभारी फुकट मिळाला म्हणून त्याच्या हाताखालील विंडोज फुकट होत नाहीं. विंडोजच्या यंत्रांचे परवाने या मार्गांतही तितकेच लागतात. झेनच्या वंशांतील एक्ससीपी-एनजी ही फ्रान्समध्यें सांभाळली जाणारी व्यवस्थाही चांगली आहे. पण ती जाणणारा मनुष्य गांवांत आहे काय, हें अगोदर पाहावें.

शिकण्याकरितां पुष्कळ तरुण आपल्या मेजावरच्या संगणकांत व्हर्च्युअलबॉक्स वापरतात. अभ्यासास तो उत्तम. परंतु त्याची जी एक्स्टेन्शन पॅक नांवाची पुरवणी आहे, ती खासगी उपयोगास फुकट असली तरी धंद्याच्या उपयोगास फुकट नसते. कचेरींत ती बसवून ठेवणें म्हणजे पुढें ऑरॅकल कंपनीच्या पत्राची वाट पाहणें होय.

आतां धाकट्या सूनबाईंच्या कामाकडे वळूं, कारण खरा धोका तेथेंच आहे. दूर बसून सर्व्हरवर काम करण्याच्या पद्धतीस रिमोट डेस्कटॉप म्हणतात. तींत हिशेब घरीं येत नाहीं. घरच्या पडद्यावर त्याचें केवळ चित्र येतें आणि बोटांच्या दाबाची वर्दी तेवढी तिकडे जाते. घरचा लॅपटॉप हरवला तरी पेढीची वही शाबूत, हा त्याचा अमोल गुण. ही सोय दोन प्रकारें करितां येते. एका विंडोज सर्व्हरवर अनेकांनीं आपापल्या सत्रांत काम करावें हा एक प्रकार. प्रत्येकास स्वतंत्र आभासी संगणक द्यावा हा दुसरा. दहा-बारा माणसांच्या पेढीस पहिलाच प्रकार योग्य आहे. दुसऱ्यास खर्च व निगा दोन्ही अधिक. पहिल्या प्रकारांत विंडोज सर्व्हरच्या साध्या परवान्यांखेरीज रिमोट डेस्कटॉपचा परवाना माणसागणिक अथवा यंत्रागणिक घ्यावा लागतो. आरंभीं १२० दिवसांची सवलत असते. विक्रेता त्या सवलतींत सर्व सुरळीत चालवून दाखवितो आणि पांचव्या महिन्यांत दार बंद होतें. म्हणून कोटेशनांत हे परवाने स्वतंत्र ओळींत लिहिलेले आहेत कीं नाहींत, एवढें तरी वडिलांनीं स्वतः पाहावें.

याहून महत्त्वाचें असें कीं, रिमोट डेस्कटॉपचें दार उघड्या इंटरनेटवर कदापि ठेवूं नये. तें दार बहुधा ३३८९ या क्रमांकाचें असतें, आणि जगभरचे चोर तो क्रमांक रात्रंदिवस ठोठावीत असतात. २०१९ च्या मे महिन्यांत विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत ब्लूकीप नांवाचा दोष उघडकीस आला. त्यांत तर पासवर्डही न लागतां आंत शिरतां येत होतें. क्रमांक बदलला म्हणजे झालें, असें सांगणारा विक्रेता घराचा नंबर पुसून चोरास फसवूं पाहतो. प्रथम व्हीपीएनच्या बोगद्यांतून आंत यावें, नंतर पासवर्ड, आणि वर मोबाइलवरील क्षणिक अंक, ही त्रिविध तपासणी सूनबाईंस दिवसाकांठीं एका मिनिटाहून अधिक त्रास देत नाहीं.

एक लहानशी गोष्ट जातां जातां सांगतों. तिनें पुष्कळांचा विरस होतो. विवरणपत्रांवर सही करण्याची डिजिटल स्वाक्षरीची यूएसबी किल्ली कचेरींतील सर्व्हरला लावून ठेवली, तर घरून रिमोट डेस्कटॉपनें आंत आलेल्यास ती दिसत नाहीं. ती आपण बसलों असूं त्याच संगणकाला लावावी लागते, म्हणजे सत्रांत पोंचते. मराठी अक्षरजुळणीचे जे जुने प्रोग्रॅम किल्लीवांचून उघडत नाहींत, त्यांस आभासी यंत्रांत बसविण्यापूर्वीं किल्ली त्या यंत्रास जोडली जाते कीं नाहीं हें छापखानेवाल्यांनीं आधीं करून पाहावें.

यंत्र किती मोठें घ्यावें? सोळा गाभे व ६४ जीबी स्मरण असलेला सर्व्हर घेतला असें धरूं. स्मरणाची जागा पंक्तींतील पाटासारखी असते. एका पाटावर दोघे बसत नाहींत. प्रोसेसर हा वाढप्यासारखा. एकच वाढपी अनेक पानें सांभाळतो, कारण सगळे एकदम भात मागत नाहींत. दहाजणांच्या सत्रांस प्रत्येकीं तीन म्हणजे तीस जीबी, त्या यंत्राचे स्वतःचे चार, हिशेबाच्या यंत्रास आठ, विंडोज ७ च्या जुन्या यंत्रास चार, लिनक्सवर ठेवलेल्या फायलींस चार, कारभाऱ्यास चार, एकूण चौपन्न. दहा शिल्लक राहिले, आणि ते राहूं द्यावे. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून सर्वसाधारण दुरुस्त्या मिळत नाहींत, म्हणून त्या यंत्राचा बाहेरच्या जगाशीं संबंध अजिबात तोडून ठेवावा.

सर्व यंत्रें एका पोटीं आलीं म्हणजे धोकाही एका पोटीं येतो. २०२३ च्या फेब्रुवारींत ईएसएक्सआयआर्ग्स या नांवानें ओळखल्या गेलेल्या हल्ल्यांत चोरांनीं थेट कारभाऱ्यासच गांठलें आणि त्याच्या हाताखालचीं यंत्रें एकदम कुलुपांत टाकून खंडणी मागितली. ज्या दोषांतून ते शिरले असें मानलें जातें, त्याची दुरुस्ती दोन वर्षें अगोदरच निघाली होती. म्हणून बॅकअपच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांतील एक घराबाहेर. आणि एक तरी प्रत तारेनें जोडलेली नसावी. स्नॅपशॉट म्हणून जो तात्पुरता ठसा घेतां येतो त्यास बॅकअप समजूं नये. तो त्याच डिस्कवर असतो आणि डिस्कबरोबरच जातो. दर तीन महिन्यांनीं एका आभासी यंत्राची प्रत बाजूस उघडून तींत शेवटचें बिल दिसतें काय, हें वडिलांनीं शेजारीं बसून पाहावें. त्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. बिलाचा क्रमांक वाचतां आला म्हणजे पुरे.

स्थलांतराचा क्रम असा ठेवावा: प्रथम फायली, मग जुना प्रोग्रॅम, मग दूरच्या सत्रांचें यंत्र, आणि हिशेब सर्वांच्या शेवटीं, तोही महिनाअखेर व विवरणपत्रांची तारीख टाळून शनिवारीं रात्रीं. नवीन यंत्रावर एक संपूर्ण महिना जमाखर्च जुळला म्हणजे जुना सर्व्हर बंद करावा. पण तो विकूं नये. मार्चअखेरचा ताळेबंद होऊन हिशेबतपासनिसाची सही होईपर्यंत तो कापडाखालीं झांकून कोपऱ्यांत राहूं द्यावा.