मंद आचेवरील बटाट्याचे सूप

म्यूनिक शहरात १७९० मध्ये भिकाऱ्यांसाठी एक उद्योगगृह सुरू झाले. त्याचा प्रवर्तक बेंजामिन थॉम्पसन हा जन्माने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचा. बव्हेरियाच्या राजसेवेत तो चढत गेला आणि पुढे काउंट रम्फोर्ड या नावाने प्रसिद्धीस आला. तोफांच्या नळ्यांना भोके पाडताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरून उष्णता हे गतीचेच रूप असल्याचे प्रतिपादन करणारा शास्त्रज्ञ म्हणून पदार्थविज्ञानाचे अभ्यासक त्याला ओळखतात. उद्योगगृहात मात्र त्याच्यापुढे निराळाच प्रश्न होता. शेकडो माणसांना रोज कमीत कमी खर्चात पोटभर जेवण कसे द्यावे? जव, वाटाणे, पावाचे तुकडे, व्हिनेगर, मीठ आणि पाणी यांचे सूप त्याने ठरविले. त्यात बटाटा घातला असता खर्च आणखी उतरणार होता. परंतु त्या काळच्या बव्हेरियातील गोरगरिबांना बटाट्याचा विलक्षण तिटकारा होता.

तेव्हा रम्फोर्डने बटाटे चोरून शिजविण्याची व्यवस्था केली. एका कोपऱ्यातील खोलीत ते वेगळे शिजत आणि त्यांचा आकार व पोत पूर्णपणे नाहीसा होईपर्यंत, म्हणजे भांड्यात बटाटा आहे हे कोणास ओळखू येणार नाही अशा अवस्थेपर्यंत, आटविले जात. मग ते सूपात मिसळले जाई. सूपाची चव सुधारली आहे हे जेवणाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले व त्यांनी त्याची वाखाणणी आरंभिली. रहस्य पुढे उघड झाले, पण तोवर बटाट्याविषयीचा दुस्वास ओसरला होता.

या हकीकतीत बटाट्याच्या मलईदार सूपाचे सारे मर्म आले आहे. बटाटा आपले रूप टाकून पाण्याला दाटपणा देतो. त्यासाठी त्याला हवा असतो तो वेळ. प्रखर जाळाची त्याला गरज नाही.

मंद उष्णतेचे सामर्थ्यही रम्फोर्डला योगायोगानेच कळले, आणि गंमत अशी की तेथेही बटाटा होताच. बटाटे वाळविण्यासाठी त्याने एक यंत्र तयार केले होते. त्यात मांस भाजता येईल का, हे पाहण्यासाठी त्याने मेंढीच्या खांद्याचा तुकडा आत ठेवला. तीन तास वाट पाहूनही तो शिजल्याचे लक्षण दिसेना. उष्णता अपुरी आहे असे समजून त्याने प्रयोग सोडून दिला आणि तो तुकडा स्वयंपाकघरातील मुलींच्या हवाली केला. त्यांनी तो रात्रभर तसाच आत राहू दिला. सकाळी पाहतात तो मांस उत्तम शिजलेले, मऊ आणि अतिशय रुचकर!

रम्फोर्डची एक चूक मात्र येथेच नोंदविली पाहिजे. एवढ्या थोड्या धान्यावर माणसांचे पोट कसे भरते, याचे त्याला नवल वाटे आणि त्याने असा तर्क केला की, दीर्घकाळ शिजविल्याने पाण्याचेच विघटन होऊन ते अन्नाचे काम करते. ही समजूत सर्वस्वी चुकीची होती. पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात, सूप दाट होते आणि दाट सूप जिभेला व पोटाला भरीव वाटते, इतकेच. पाण्यात पोषण उत्पन्न होत नाही. दानछत्रातील पातळ पेजेलाही दाटपणा आणता येतो. तो पाहून अन्नाचे माप ठरविणाऱ्याची फसगत होते, आणि ती फसगत भोगावी लागते खाणाऱ्याला. बटाट्याच्या वजनातील सुमारे चार पंचमांश भाग पाणीच असतो. त्यामुळे या सूपाला जेवणाचे मोल यावयाचे असेल, तर दूध, चीज, वाटाणे किंवा डाळ यांपैकी काहीतरी सोबतीला हवेच.

आता ज्या भांड्यात हे सूप करावयाचे त्याकडे वळू. इंग्रजीत त्याला स्लो कुकर म्हणतात. मराठीत 'मंदपाकपात्र' असा शब्द घडविता येईल; परंतु तो उच्चारला असता दुकानदार बुचकळ्यात पडेल, म्हणून रूढ नावच येथे ठेवले आहे. या भांड्याचा जनक शिकागोचा अर्व्हिंग नॅक्सन. त्याच्या आईने त्याला लिथुआनियातील आपल्या बालपणीची एक आठवण सांगितली होती. ज्यू धर्माप्रमाणे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ पाळावयाचा आणि त्या काळात विस्तव पेटवावयाचा नाही. म्हणून मांस, कडधान्ये व भाज्या यांनी भरलेले भांडे शुक्रवारी दुपारीच गावच्या भट्टीवाल्याकडे पोचते होई. भट्टी विझली तरी तिच्या विटांत साठलेल्या उष्णतेवर ते रात्रभर शिजत राही. चोलंट हे त्या पदार्थाचे नाव. भट्टीवाचून तीच मंद, सर्व बाजूंनी येणारी उष्णता विजेवर मिळवावी, ही नॅक्सनची कल्पना. तिचे पेटंट त्याला १९४० मध्ये मिळाले. पुढे कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' या नावाने हे भांडे बाजारात आणले. नोकरीसाठी सकाळी घराबाहेर पडणाऱ्या अमेरिकन स्त्रियांची संख्या त्या दशकात झपाट्याने वाढत होती. सकाळी भरून ठेवलेले भांडे संध्याकाळी तयार जेवण देते, हे त्या भांड्याचे खरे आकर्षण होते. घरकाम वाटून घेण्याचा प्रश्न त्याने सोडविला नाही, फक्त थोडा पुढे ढकलला, असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही.

आपल्या देशालाही ही कल्पना अपरिचित नव्हती. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये 'इकमिक कुकर' सिद्ध केला. तळाशी कोळशाची शेगडी, वर एकावर एक रचलेले डबे आणि सर्वांभोवती एक नळकांडे. भात, डाळ व भाजी लावून बाहेर पडावे आणि परत आल्यावर गरम जेवावे. बंगालमध्ये एकट्याने राहणाऱ्या नोकरदारांचा तो मोठाच आधार ठरला. प्रेशर कुकर घरोघरी पोचल्यावर तो मागे पडला.

स्लो कुकरची रचना साधी आहे. बाहेर धातूचे कवच, आत जाड चिनी मातीचे भांडे, आणि दोहोंमध्ये भांड्याच्या बाजूंना वेढणारी विजेची तार. चिनी माती उष्णतेची मंद वाहक असल्याने कोठेही एकदम चटका बसत नाही व तळाला करपण्याचे भय जवळजवळ राहत नाही. साधारण आकाराचे भांडे दोनशे वॅटच्या आसपास वीज घेते. येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. हे भांडे इंधन वाचविते असे सांगितले जाते. घरची शेगडी किंवा विजेची मोठी भट्टी तासन् तास चालविण्याच्या मानाने ते खरे आहे. परंतु दोनशे वॅट आठ तास चालले म्हणजे दीड युनिटाहून अधिक वीज खर्च होते. तेच बटाटे प्रेशर कुकरमध्ये काही मिनिटांत, बऱ्याच कमी खर्चात शिजतात. स्लो कुकर वाचवितो ते माणसाचे लक्ष.

सहा माणसांच्या सूपासाठी एक किलो बटाटे, एक मोठा कांदा, लसणाच्या दोन-तीन पाकळ्या, एक चमचा लोणी, मीठ, मिरपूड आणि सुमारे एक लिटर भाज्यांचे किंवा कोंबडीचे पाणी घ्यावे. पश्चिमेत कांद्याऐवजी लीक नावाची पातीसारखी भाजी वापरण्याची पद्धत आहे. लीक व बटाटा यांच्या फ्रेंच सूपाला पार्मांतिये याचे नाव मिळाले आहे. सप्तवार्षिक युद्धात प्रशियाच्या कैदेत बटाट्यावर दिवस काढून, सुटकेनंतर फ्रान्समध्ये त्याचा प्रचार करणारा हा औषधिशास्त्रज्ञ.

बटाट्याची जात महत्त्वाची. काही बटाट्यांत पिष्ट अधिक असते. ते शिजल्यावर भुगभुशीत होऊन विरतात. इतर चिकट, घट्ट जातीचे बटाटे शिजले तरी फोडींचा आकार सोडीत नाहीत. अमेरिकेत पहिल्या प्रकारासाठी 'रसेट' जात वापरतात. भारतातील बहुतेक सुधारित जातींच्या नावाआधी 'कुफ्री' हा शब्द येतो. सिमल्याजवळच्या त्या नावाच्या ठिकाणी सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे क्षेत्र आहे. यांपैकी वेफर्सच्या कारखान्यांसाठी सिद्ध केलेली 'कुफ्री चिप्सोना' ही अधिक पिष्टाची जात सूपालाही चांगली. बाजारात जातीचे नाव सांगणारा विक्रेता विरळाच. तेव्हा एक बटाटा उकडून पाहावा. बोटांनी दाबताच तो पिठासारखा सुटला, तर तो आपल्या कामाचा. शीतगृहात दोन-चार अंश सेल्सियसला दीर्घकाळ राहिलेल्या बटाट्यातील पिष्टाची काही प्रमाणात साखर होते व सूप गुळचट लागते. असे बटाटे आठ-दहा दिवस घरात मोकळ्या जागी ठेवल्यास गोडी कमी होते. हिरवट झालेले किंवा मोड आलेले बटाटे मात्र वापरू नयेत. त्यांतील सोलॅनिन हे विषारी द्रव्य शिजवूनही नष्ट होत नाही.

आता पुष्कळांना कोड्यात टाकणारी एक गोष्ट. याच भांड्यात चिवट मांस मऊ होते, आणि कधी कधी त्याच्याच शेजारचा बटाटा मात्र आठ तासांनंतरही करकरीत राहतो. असे का व्हावे? बटाट्याच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे द्रव्य म्हणजे पेक्टिन. पिष्ट साठ ते सत्तर अंशांच्या दरम्यान फुगते, पण पेक्टिन सैल पडावयास पंच्याऐंशी अंशांच्या वर जावे लागते. शिवाय पन्नास ते सत्तर अंशांच्या पट्ट्यात बटाट्यातील एक विकर जागे होते आणि कॅल्शियमच्या साहाय्याने पेक्टिनची बांधणी उलट अधिक घट्ट करते. थंड पाण्यात टाकलेले बटाटे स्लो कुकरमध्ये नेमके याच पट्ट्यात फार वेळ रेंगाळतात. यावरील उपाय सोपा आहे. फोडी दीड-दोन सेंटिमीटरहून मोठ्या ठेवू नयेत. त्या तळाशी व कडेला, उष्णतेच्या जवळ पसराव्यात. आणि पाणी उकळते ओतावे. टोमॅटो, लिंबू वा व्हिनेगर आरंभी घालू नये, कारण आम्लामुळे पेक्टिन विरघळण्यास विलंब लागतो. सिमल्यासारख्या उंच ठिकाणी पाणी सुमारे त्र्याण्णव अंशांवरच उकळते, म्हणून तेथे वेळ अधिक धरावा.

कांदा व लसूण लोण्यावर परतून घालावेत. हे भांडे पदार्थ खरपूस करू शकत नाही आणि कच्चा कांदा घातल्यास त्याचा उग्र वास सूपात राहतो. भांडे अर्ध्यापेक्षा कमी वा दोन तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये. झाकण लावून मंद आचेवर सात ते आठ तास किंवा तेज आचेवर तीन ते चार तास ठेवावे. झाकणावर जमलेली वाफ पुन्हा आत ठिबकत असल्याने सूप आटत नाही. म्हणून पाणी हात राखूनच घालावे. झाकण वारंवार उघडण्याचा मोह आवरला पाहिजे. प्रत्येक वेळी साठलेली उष्णता निघून जाते व शिजण्याची वेळ वीस मिनिटांनी लांबते.

फोडी चमच्याने सहज दबू लागल्या की लाकडी रवीने किंवा पळीच्या पाठीने घोटाव्यात. येथे विजेचे मिक्सर टाळलेले बरे. त्याची वेगवान पाती पेशी फाडतात, आतील पिष्ट बाहेर पडते आणि सूपाची खळ होते. थोड्या फोडी अख्ख्या राहिल्या तर त्या दाताखाली बऱ्या वाटतात.

दूध आरंभी घालणे ही सर्वांत अधिक घडणारी चूक. तासन् तासांची उष्णता, मीठ आणि भाज्यांतील आम्ल व तुरट द्रव्ये यांमुळे दुधातील केसिन गोळा होते आणि सूप फुटते. म्हणून शेवटच्या अर्ध्या तासात पाव लिटर साईसकट दूध किंवा क्रीम घालावे. दुधापेक्षा क्रीम अधिक टिकाव धरते, कारण त्यात स्निग्धांश पुष्कळ व प्रथिने कमी. साधेच दूध असेल तर त्यात दोन चमचे मैदा वा मक्याचे पीठ कालवावे. पिष्टाचे कण प्रथिनांना एकत्र येऊ देत नाहीत. दूध आधी कोमट करून, त्यात पळीभर गरम सूप मिसळून मग भांड्यात ओतावे. अमेरिकेत यावर किसलेले चेडर चीज, डुकराच्या खारवलेल्या मांसाचे कुरकुरीत तुकडे आणि चिरलेली पात घालतात. चीज भांडे बंद केल्यावर घालावे, नाहीतर त्याची तार धरते.

सावधगिरीच्या दोन-तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पाच ते साठ अंशांच्या दरम्यान जिवाणू वेगाने वाढतात. गोठलेले मांस वा भाज्या सरळ भांड्यात टाकल्यास हा पट्टा ओलांडावयास फार वेळ लागतो. आपल्याकडे आणखी एक अडचण संभवते. आपण बाहेर असताना वीज जाऊन कित्येक तासांनी परत आली, तर सूप शिजलेले दिसले तरी ते टाकून द्यावे. मन दुखावते, पण इलाज नाही. आणि या सूपात राजमा घालावयाचा विचार असेल, तर तो आधी भिजवून, भिजवणीचे पाणी फेकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटे, शक्यतो अर्धा तास, खळखळ उकळून घ्यावा. कच्च्या राजम्यातील विषारी प्रथिन शंभर अंशांवर नष्ट होते; स्लो कुकरच्या मंद उष्णतेत मात्र ते टिकून राहते आणि ऐंशी अंशांच्या आसपास राजमा कच्च्यापेक्षाही अधिक बाधू शकतो. चार-पाच दाणेसुद्धा उलट्या होण्यास पुरे पडतात.

उरलेले सूप दोन तासांच्या आत उथळ भांड्यात काढून शीतपेटीत ठेवावे. दुसऱ्या दिवशी ते खिरीपेक्षाही घट्ट दिसेल, कारण थंडीत पिष्टाचे रेणू पुन्हा एकमेकांना धरून बसतात. थोडे दूध घालून ते शेगडीवर ढवळत गरम करावे. स्लो कुकरमध्ये ते पुन्हा तापवू नये, तेथे ते फार सावकाश तापते. बर्फाच्या कप्प्यात गोठविलेले सूप वितळल्यावर पाणी एकीकडे व रवाळ चोथा एकीकडे अशी त्याची फाळणी होते. तेव्हा पुढच्या आठवड्यासाठी राखावयाचे असेल तर दूध घालण्यापूर्वीच तेवढा भाग वेगळा काढून ठेवावा.