गणपतीत पुरतो तोच हॉल

आमच्या डोंबिवलीच्या वन-बीएचकेचा हॉल 10 बाय 14 फुटांचा. हरतालिकेच्या रात्री टीपॉय बेडरूममध्ये जातो, दोन माणसांची सेटी शेजारच्या काकूंकडे आणि शू-रॅक गॅलरीत. कोपऱ्यात मखर उभं राहतं, सतरंज्या अंथरल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी आरतीला वीस-बावीस माणसं याच हॉलमध्ये उभी राहतात. विसर्जन झालं की सगळं सामान जागच्या जागी परत येतं आणि घरातली चार माणसं पुन्हा एकमेकांना ‘जरा सरक’ म्हणू लागतात. भिंती त्याच आणि चौरस फूटही तेवढेच. तरी गणपतीत पुरणारा हॉल एरवी का पुरत नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलाच नव्हता. आई कधीच हॉलमध्ये बसत नसे, स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायची. त्याचंही कारण मी कधी विचारलं नाही.

मग एका मे महिन्यात मेजपट्टी घेतली आणि हॉल मोजायला बसले. त्यातून जे कळत गेलं, त्याने माझ्या डोक्यातल्या बऱ्याच ठाम समजुती एकेक करून गळून पडल्या.

‘हॉलच लहान, त्याला कोण काय करणार!’

10 फूट रुंदीचा हिशेब सरळ आहे. सोफा भिंतीपासून 3 फूट पुढे येतो. समोरच्या भिंतीवरचं टीव्ही युनिट दीड फुटाचं. मध्ये उरले साडेपाच फूट. त्यात 2 फूट रुंदीचा टीपॉय ठेवायचा आणि सोफा व टीपॉय यांच्यामध्ये गुडघ्यांसाठी दीड फूट सोडायचे. म्हणजे टीव्हीसमोरून जाणाऱ्याला मिळाले फक्त 2 फूट. एवढ्यातून एक माणूस जेमतेम जातो. हातात कपड्यांची बादली असेल तर त्याला तिरकं व्हावं लागतं. निवांत चालायला 3 फूट लागतात. साडेतीन बाय दोनचा टीपॉय जमिनीचे अवघे 7 चौरस फूट घेतो, पण मुख्य दारापासून स्वयंपाकघरापर्यंतची वाट तोच अडवतो. दिवसातून पन्नास वेळा आपण त्या वाटेने जातो आणि पन्नास वेळा आपल्याला हॉल लहान वाटतो.

म्हणून फर्निचर हलवण्याआधी चालण्याची वाट ठरवावी. दारातून स्वयंपाकघर, दारातून बेडरूम, सोफ्यावरून गॅलरी, अशा रेषा कागदावर ओढायच्या आणि उरलेल्या जागेत बसणं मांडायचं. आम्ही टीपॉय काढून सोफ्याच्या हाताशी एक लाकडी स्टूल ठेवलं. पाहुणे आले की एकात एक बसणारी दोन छोटी टेबलं पुढे येतात, चहा झाला की परत आत जातात.

मापं स्वतः घ्यावीत, हेही तेव्हाच कळलं. फ्लॅटच्या कागदांवरचा आकडा इथे उपयोगाचा नाही. 2016 च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या केली, त्यात बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि सर्व्हिस शाफ्ट धरत नाहीत, पण घरातल्या आतल्या भिंतींची जाडी मात्र धरतात. आणि हा आकडा सगळ्या घराचा असतो, हॉलचा नव्हे. भिंतीपासून भिंतीपर्यंत, खिडकीच्या कट्ट्यापासून दाराच्या उघडण्यापर्यंत, आणि हो, जिन्याचं वळण आणि लिफ्टचं दारही मोजावं. हॉलमध्ये मावणारा सोफा हॉलपर्यंत पोचतोच असं नाही. आमच्या इमारतीत एका कुटुंबाचा नवा सोफा जिन्याच्या वळणावर अडकून तसाच खाली उतरवावा लागला होता.

‘लहान खोलीत फर्निचरही लहान-लहान घ्यावं’

ऐकायला हे पटतं, म्हणून सर्वांत जास्त फसवतंही हेच. दोन मोडे, एक छोटी सेटी, एक कॉर्नर स्टँड, एक मासिकांची टोपली, एक कुंडी अशा सहा-सात वस्तू आल्या की प्रत्येकीभोवती चार-सहा इंचांची मेलेली जागा तयार होते. तिथे ना पाय ठेवता येतो, ना झाडू नीट फिरतो. नजरही प्रत्येक वस्तूवर अडखळते. त्यापेक्षा 6 बाय 3 चा एक दिवाण लांब भिंतीला लावला तर तिघं बसतात, रात्री एक जण झोपतो आणि खालच्या कप्प्यात पाहुण्यांच्या गाद्या-चादरी जातात. फक्त हा कप्पा पुढून ओढता येणारा असावा. वरची फळी उचलून उघडायचा असेल तर दर वेळी गादी आणि वर बसलेलं माणूस दोन्ही उठवावं लागतं, आणि मग तो कप्पा वर्षातून दोनदाच उघडला जातो.

सोफा-कम-बेडबद्दलही असाच समज आहे की तो जागा वाचवतो. दिवसा वाचवतोच. पण उघडल्यावर तो भिंतीपासून सहा-साडेसहा फूट पुढे येतो, हे दुकानात कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. रोज रात्री टीपॉय, खुर्ची, मुलाचं दप्तर उचलून मगच अंथरूण घालायचं असेल, तर महिनाभरात तो पलंग तसाच उघडा राहू लागतो.

इथे मला चाळ आठवते. मुंबईच्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकात बांधल्या गेल्या. तिथली खोली 160 चौरस फुटांची, म्हणजे आमच्या हॉलपेक्षा जरा मोठी, आणि तीच स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि दिवाणखाना. तिथल्या हालांचे मी गोडवे गाणार नाही. पण त्या घरांना एक गोष्ट नीट कळली होती: दिवसाची वेळ बदलली की खोली बदलली पाहिजे. वळकट्या सकाळी गुंडाळून एका कोपऱ्यात जात, जेवण झालं की पाट भिंतीला उभे राहत, पाहुण्यांसाठी घडीची खुर्ची निघे. जमीन दिवसभर रिकामी मिळायची. आपण फ्लॅटमध्ये आलो आणि न हलणारं फर्निचर घेतलं, पण हॉलची कामं तीच राहिली. सकाळी तिथे इस्त्री होते, दुपारी मुलांचा अभ्यास, संध्याकाळी बैठक, रात्री झोप.

‘सगळं भिंतीला चिकटवलं की मधली जागा मोठी होते’

परदेशी मासिकांतले सल्ले याच्या अगदी उलट असतात: सोफा भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढा म्हणतात. ते वीस फुटांच्या दिवाणखान्याला शोभतं. 10 फुटी हॉलमध्ये सोफा भिंतीलाच लागणार, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये.

मात्र ‘चिकटवणं’ आपल्या हवेत घातक आहे. कोकणपट्टी, मुंबई, ठाणे इथे चार महिने पाऊस बाहेरच्या भिंतीवर आपटतो. त्या भिंतीला कपाट टेकवलं की मागे हवा खेळत नाही, ओल धरते, बुरशी येते. गौरी-गणपतीच्या साफसफाईत कपाट सरकवलं की मागचा काळपट पट्टा दिसतो तो यामुळेच. बाहेरच्या भिंतीपासून 2-3 इंच अंतर सोडावं आणि जमेल तर मोठं कपाट आतल्या भिंतीला न्यावं. प्लायवूडबद्दलही एक समज पक्का आहे की प्लाय म्हणजे पाण्याला न घाबरणारं लाकूड. दुकानात ‘कमर्शिअल’ म्हणून मिळणारा एमआर दर्जाचा प्लाय हवेतला दमटपणा सोसतो, पाणी नाही. ओल्या भिंतीजवळ किंवा बेसिनशेजारी काही करायचं असेल तर सुताराला ‘आयएस 710’चा शिक्का दाखवायला सांगावं. एमडीएफ तर पाणी प्यायला की फुगतो आणि पुन्हा बसत नाही.

सोफा खिडकीखाली ठेवण्याआधी घरात लहान मूल आहे का, याचा विचार करावा. सोफ्याची पाठ ही मुलासाठी शिडी असते. चौथ्या मजल्यावर ग्रिल नसलेल्या खिडकीखाली दिवाण ठेवलेला मी पाहिला आहे आणि त्या घरात बसून मला चहा गोड लागला नव्हता.

‘पांढरा रंग दिला की खोली मोठी दिसते’

अर्धं खरं. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. माणसांना संगणकावर तयार केलेल्या खोल्या दाखवून त्यांची उंची विचारली. फिकं छत उंच वाटलं, फिक्या भिंतींनीही उंची वाढल्यासारखी वाटली. जमिनीच्या रंगाने मात्र फरक पडला नाही. आणि भिंतीपेक्षा छत उजळ ठेवलं म्हणजे त्या विरोधामुळे ते वर उचलल्यासारखं दिसतं, हा सर्रास दिला जाणारा नियम तिथे टिकला नाही. तेव्हा उंचीच हवी असेल तर छत आणि भिंती दोन्ही फिकी ठेवावीत आणि टाइल्स बदलण्याचा खर्च वाचवावा.

पण रंग स्वतः उजेड देत नाही, आलेला उजेड परत फेकतो. समोरची इमारत पंधरा फुटांवर असेल, खिडकीत वाळत घातलेले कपडे असतील, तर शुभ्र पांढरी भिंत राखाडी आणि उदास दिसते. अशा हॉलला किंचित पिवळसर, साईच्या रंगाची भिंत जास्त मानवते. त्याआधी खिडकी मोकळी करावी. पडद्याचा दांडा खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-आठ इंच पुढे नेला तर सरकवलेला पडदा काचेवर न थांबता भिंतीवर जाऊन थांबतो आणि पूर्ण खिडकीतून उजेड येतो. एवढ्या एका दुरुस्तीने आमच्या हॉलमध्ये सकाळी दहा वाजता लावावी लागणारी ट्यूब बंद झाली.

आरशाचंही तेच. आरसा समोर असेल ते दाखवतो. खिडकीच्या काटकोनातल्या भिंतीवर लावला तर उजेड आत ओढतो. शू-रॅकसमोर लावला तर चपलांचे दोन ढीग दिसतात.

रात्रीच्या उजेडाबद्दल एकच सांगते. दिवा घेताना वॅट पाहण्याची सवय जुन्या बल्बची आहे. एलईडीच्या खोक्यावर ल्युमेन पाहावेत: 9 वॅटचा एलईडी साधारण 800-900 ल्युमेन देतो, म्हणजे जुन्या 60 वॅटच्या बल्बइतका किंवा थोडा जास्त. आणि केल्विन पाहावं. 6500 चा निळसर पांढरा उजेड अभ्यासाला ठीक, पण बसायच्या कोपऱ्यात 3000 च्या आसपासचा एक दिवा असला की संध्याकाळी खोलीला ऊब येते.

‘टीव्ही लहानच हवा’ आणि ‘फॉल्स सीलिंगशिवाय हॉलला शोभा नाही’

टीव्हीच्या कर्णाच्या साधारण 1.6 पट अंतरावर बसावं, असा एक रूढ हिशेब आहे. 43 इंची टीव्हीसाठी हे पावणेसहा फूट होतात आणि 55 इंचीसाठी सव्वासात. सोफ्यावर टेकलेल्या माणसाचे डोळे 10 फुटी हॉलमध्ये समोरच्या भिंतीपासून साडेसात फुटांवर असतात, म्हणजे दोन्ही बसतात. जागा खाणारी वस्तू टीव्ही नसून त्याच्याखालचं दीड फुटी युनिट आहे. टीव्ही भिंतीवर लावून ते युनिट काढलं की तेवढी वाट मोकळी होते. फक्त तो देवाच्या तसबिरीइतका उंच लावू नये, मान दुखते. बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत पडद्याचा मधला भाग यावा.

फॉल्स सीलिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लहान घरात नको. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीची किमान उंची 2.75 मीटर सांगितली आहे, म्हणजे 9 फूट, आणि बहुतेक फ्लॅटमध्ये यापेक्षा फार जास्त काही मिळत नाही. पीओपीने त्यातले 6 इंच गेले आणि पंखा त्याच्याखाली फूटभर लोंबला, की पाती साडेसात फुटांवर येतात. दिवाणावर उभं राहून माळ लावणाऱ्याचा हात तिथे सहज पोचतो. शिवाय वरच्या मजल्याची गळती सीलिंगच्या आड मुरत राहते आणि डाग दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

सजावटीला पैसे लागतात, हाही समज सोडून द्यावा. आमच्या भिंतीवर एकच मोठं वारली चित्र आहे. तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर ज्या हातांनी ही कला जपली, त्यांच्याकडूनच, पालघर जिल्ह्यातून घेतलेलं. त्याच भिंतीवर पूर्वी अकरा फ्रेम होत्या. आता आजी-आजोबांचा फोटो शेजारी एकटा आहे आणि आल्या-गेल्याची नजर त्यावर थांबते.

काहीही विकत घेण्याआधी एक प्रयोग करावा. जुन्या वर्तमानपत्रांचे कागद चिकटवून नव्या सोफ्याच्या, टेबलाच्या मापाचे तुकडे कापावेत, जमिनीवर पसरावेत आणि दोन दिवस त्यावर पाय न देता घरात वावरावं. ज्या कागदावर सारखा पाय पडतो, ती वस्तू तिथे नको.

असे कागद आम्ही पसरले, तेव्हा आईने तिच्या खुर्चीचाही कागद मागितला. मग कळलं. नव्या पद्धतीच्या आमच्या सोफ्याची बैठक 14 इंचांवर होती. तिचे गुडघे एवढं खाली जाऊन परत उठायला तयार नसत आणि पाहुण्यांसमोर हात धरून उठवून घेणं तिला आवडत नसे. म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारातच बसायची. तिच्यासाठी सरळ पाठीची, हातांची, 18 इंच उंचीची साधी लाकडी खुर्ची आणली आणि खिडकीशी, वाटेच्या बाहेर ठेवली. आता सकाळी ती तिथे बसून मेथी निवडते, खालून भाजीवाला आला की वरूनच भाव विचारते, आणि गणपतीत सगळं सामान हललं तरी ती खुर्ची हलत नाही.