सावंतवाडीचे लाखकाम

लाकडी व कागदी वस्तूंवर चित्रे काढून लाखेचा लेप देण्याचा कोकणातील एक हस्तव्यवसाय. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी हे त्याचे केंद्र असून तो मुख्यत्वे चितारी कारागिरांच्या हाती राहिला. पाट, चौरंग, खेळणी व गंजिफा हे त्याचे प्रमुख प्रकार होत. संग्रहातील जुनी वस्तू ओळखताना तिचे द्रव्य कोणते व ती कशासाठी केली, हे दोन प्रश्न उद्‌भवतात. पहिल्याचे उत्तर चुकल्यास वस्तूची कायमची हानी होऊ शकते.

द्रव्य : भारतीय लाख म्हणजे लाखेच्या किड्यांनी पळस, बोर, कुसुंब इ. झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर स्रवलेली राळ होय. ती उष्णतेने मऊ होते व अल्कोहॉलात विरघळते. जपानी ‘उरुशी’ हा मात्र एका वृक्षाचा चीक असतो. दमट हवेत एंझाइमाच्या (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या) साहाय्याने तो कठीण बनतो आणि त्यानंतर अल्कोहॉलात विरघळत नाही. ही दोन्ही द्रव्ये मूलतः भिन्न असूनही ‘लाख’ या शब्दावरून आलेले एकच यूरोपीय नाव दोहोंना लागले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पोर्तुगीजांसाठी जपानात केलेल्या उरुशीच्या पेट्या त्यांच्या गोवामार्गे चालणाऱ्या व्यापारातून बाहेर पडल्या. तर सतराव्या शतकात यूरोपीय कारागीर लाखेच्या रोगणाने उरुशीची नक्कल करू लागले. त्यामुळे सापडल्याचे ठिकाण किंवा काळ्या पृष्ठावरील सोनेरी नक्षी यांवरून द्रव्य निश्चित होत नाही.

स्पिरिटचा थेंब लावून पाहण्याची चाचणी टाळावी. लाख असल्यास लेपाबरोबर त्याखालील चित्रही बिघडण्याचा धोका असतो. जंबुपार (जांभळ्यापलीकडील अदृश्य) किरणांखाली लाखेचे रोगण बहुधा नारिंगी छटेने चमकते. अंतिम निर्णयासाठी अवरक्त वर्णपटविज्ञानाची मदत घेतात. दोन्ही प्रकारच्या वस्तूंना प्रखर उजेडापासून जपावे लागते.

प्रयोजन : वस्तूचा आकार, तिच्यावरील चिन्हे व झिजेच्या खुणा यांवरून प्रयोजन कळते. सावंतवाडीची गोल पाने ही गंजिफांची होत. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून त्यांवर खडूचा लेप देतात. तो दगडाने घोटून चित्रे रंगवितात व शेवटी लाखेचे रोगण लावतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा पाने असतात. मोगल गंजिफांत आठ रंग व ९६ पाने, तर दशावतारी गंजिफांत दहा रंग व १२० पाने असतात. म्हणून मत्स्य, कूर्म वा परशू यांचे एकटे पान हाती आले, तरी ते दशावतारी संचातील असल्याचे कळते. जपानी वस्तूंतही रचनाच बोलकी असते : दोरीसाठी बाजूला छिद्रे असलेली, कप्प्यांची छोटी डबी (इन्‌रो) कमरपट्ट्याला अडकवून औषधे बाळगण्यासाठी, तर शाईच्या दगडासाठी खाच असलेली पेटी (सुझुरिबाको) लेखनासाठी असते.

काळ : विसाव्या शतकात सावंतवाडीची ही कला जवळजवळ लोप पावली होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी तिचे राजवाड्यात पुनरुज्जीवन केले. नवे संच जुन्याच धर्तीवर केले जात असल्यामुळे शैली हा प्राचीनत्वाचा पुरावा ठरत नाही. रंग, कागद व लेप यांची तपासणी करूनच काळ ठरविणे योग्य होय.